डाव्या मनगटावरचे काका

गेल्या वर्षी अडीच महिने माझे वडील रोज सकाळी दोन माणसं चालत होते. एक ते स्वतः. दुसरं माणूस त्यांच्या डाव्या मनगटावर बांधलेलं असायचं.

हे वाक्य मी कंपनीच्या बसमध्ये पहिल्यांदा टाकलं तेव्हा तळवड्याच्या सिग्नलला अख्खी बस हसली होती. निघोज्यापर्यंत मग मलाच चेव आला. सीटांच्या मधल्या अरुंद वाटेत उभं राहून मी वडिलांची चाल करून दाखवली. उजवा हात आपला असल्यासारखा मोकळा, डावा हात पाहुण्यासारखा जपून धरलेला. ड्रायव्हरने आरशातून बघायला गाडी हळू केली. टाळ्या पडल्या. किस्सा सांगणाऱ्याला आणखी काय लागतं? त्याचा शेवट तेव्हा मला माहीत नव्हता.

डाव्या मनगटावरचे ते काका म्हणजे वडिलांचे कंपनीतले मित्र. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये दोघांनी पत्रा दाबायच्या शेजारशेजारच्या मशीनवर तेहेतीस वर्षं काढली. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड, एक आठवडा नाइट, की पुन्हा फर्स्ट. आमच्या घराचं घड्याळ भिंतीवर नव्हतं, वडिलांच्या पापण्यांवर होतं. नाइटच्या आठवड्यात आई कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायची नाही. शिट्टी चढायला लागली की कापडाने वजन उचलून हळूच वाफ सोडायची.

त्या काळी गेटवर कार्ड पंच करायचं यंत्र होतं. कार्ड खाचेत घातलं की खट्ट आवाज यायचा आणि वेळ उमटायची. दुसऱ्याचं कार्ड पंच करताना सापडलं तर सरळ सस्पेन्शन. तरी सगळे करायचे. मी जन्मलो तेव्हा कंपनीच्या कागदांनुसार माझे वडील प्रेस शॉपमध्ये काम करत होते. प्रत्यक्षात ते दवाखान्याच्या व्हरांड्यात पेढ्यांचा पुडा धरून उभे होते. कार्ड काकांनी पंच केलं होतं, आणि दिवसभर दोन मशीनांमध्ये पळून दोघांचं काम एकट्याने उपसलं होतं.

निवृत्तीनंतर दोघांचीही झोप मोडली ती मोडलीच. वडील दिवसभर टीव्हीसमोर डुलक्या घ्यायचे आणि रात्री घरभर फिरायचे. बायको मला म्हणायची, "अहो, सोफा बदलायचाय. पण आधी बाबांना त्याच्यातून वेगळं काढावं लागेल." मीही हसायचो. त्यांना कशासाठी उठायचं हेच उरलं नव्हतं. मी त्यांना पावलं आणि झोप मोजणारा, मनगटावर बांधायचा बँड आणून दिला. चार दिवस त्यांनी तो घातला. मग तो फ्रिजवर गेला, वीजबिलांच्या खाली.

काकांची गोष्ट जास्त अवघड होती. काकूंना जाऊन चार वर्षं झाली होती. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, प्राधिकरणातल्या दोन खोल्यांच्या बैठ्या घरात ते एकटे राहायचे. समोर ओटा, ओट्यावर पत्र्याच्या डब्यात लावलेली जास्वंद. मुलगा पुनावळ्याला चौदाव्या मजल्यावर राहतो, हिंजवडीला नोकरी करतो. त्याला वडील जवळ हवे होते, आणि त्यात त्याचं काहीच चुकत नव्हतं. काका एकदा आठ दिवस तिकडे राहून आले होते. आल्यावर म्हणाले, "घर लई भारी आहे. पण तिथं दिवस कुठून येतो तेच कळत नाही. उठलो की विचारावं लागतं, सकाळ आहे का संध्याकाळ."

एका रविवारी मुलाने ओट्यावर बसून तह मांडला. मी आणि वडील चहाला होतो.

"बाबा, सोपं आहे. रोज पाच हजार पावलं आणि सहा तास झोप. हा बँड हातात घालायचा. माझ्या मोबाइलवर मला सगळं दिसेल. दिवाळीपर्यंत नीट दिसत राहिलं, तर पुनावळ्याचा विषय मी काढणार नाही. नाही दिसलं, तर सामान बांधायचं."

काका वडिलांकडे बघून म्हणाले, "बघ, ह्या वयात प्रोबेशनवर घेतलं मला."

"तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

"सुपरवायझर पण हेच म्हणायचा की रे."

सगळे हसले. पण मुलगा निघून गेल्यावर काका बराच वेळ तो बँड या हातातून त्या हातात करत राहिले. म्हणाले, "हे घर सुटलं तर मी संपलो, एवढं समज." हे ते वडिलांना म्हणाले, मला नाही.

पहिल्या आठवड्यात त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला. उजवा गुडघा साथ देईना. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जाऊन यायचे आणि तासभर ओट्यावर गुडघा धरून बसायचे. पावलं जेमतेम हजार. झोप तीन तास, तीही तुकड्यातुकड्यांनी. मग त्यांनी कारखान्यातलं डोकं लावलं. खुर्चीत बसून टीव्ही बघता बघता हात जोरजोरात फिरवायला लागले. दुसऱ्या दिवशी आठ वाजता मुलाचा फोन. मुलगा तेव्हा रोज आठला फोन करायचा.

"बाबा, तुम्ही काल पोहलात?"

"काय?"

"इथे दिसतंय. चाळीस मिनिटं पोहणे."

वडिलांनी हे ऐकलं आणि हात पुढे केला. "आण इकडे. तुझं कार्ड मी पंच करतो."

असं सुरू झालं ते. दिवस मावळायच्या आत वडील काकांकडे जाऊन बँड घेऊन यायचे. तो डाव्या हातावर, फ्रिजवरून उतरवलेला स्वतःचा उजव्या हातावर. दोन्ही घालून झोपायचे. पहाटे पाचला उठून दोन्ही घालून बागेला फेऱ्या मारायचे. साडेसातला काकांच्या ओट्यावर हजर. बँड काकांच्या मोबाइलशेजारी ठेवला की थोड्या वेळाने मोबाइल टिंग करायचा, काकांची पावलं आणि काकांची झोप पुनावळ्याला पोचायची. "झालं पंच," वडील म्हणायचे आणि चहा ठेवायला आत जायचे. मग दिवसभर तो बँड काकांच्या हातावर.

मला हे कळलं ते मे महिन्यात. वडील एका संध्याकाळी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, मनगटापर्यंत बटणं लावून घामाघूम होऊन घरी आले. मी त्यांची बाही वर सरकवली आणि आनंदाने ओरडलोच. दोन हात, दोन बँड! मला असं काही सापडलं की लहान मुलासारखं होतं.

"कुणाला बोलू नकोस," ते म्हणाले.

"छे! कुणाला बोलणार?"

दुसऱ्या दिवशी बसमधल्या चाळीस जणांना सांगितलं.

खरी गंमत तर पुढेच होती. वडील बदलले. रात्री साडेनऊला दिवा बंद. मी टीव्हीचा आवाज वाढवला की आतून दरडावायचे, "दोन माणसं झोपलीत इथं." पहाटे गजर व्हायच्या आधी जाग. आमची मुलगी म्हणाली, "आजोबा, आज नका ना जाऊ, पायाला लागलंय तुमच्या," तर म्हणाले, "मी गेलो नाही तर दोघांची गैरहजेरी लागेल." भूक लागायला लागली, रक्तातली साखर उतरली, डुलक्या बंद झाल्या. डॉक्टरांनी पाठ थोपटली. सोफा रिकामा झाला आणि बायकोने खरंच तो बदलला. जे मी, डॉक्टरांनी आणि माझ्या बायकोने तीन वर्षं सांगून झालं नव्हतं, ते एका उसन्या हजेरीने करून दाखवलं. बसमध्ये रोज सकाळी मी चढलो की कुणीतरी विचारायचंच, "काय राव, दोन्ही माणसं चालली का आज?" मी खाली वाकून मुजरा करायचो आणि आदल्या दिवशीचा आकडा जाहीर करायचो.

त्या काळात काकांचं काय चाललं होतं, हे मी बघितलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. मी एका रविवारी वडिलांबरोबर गेलो होतो. काका आतल्या खोलीत खुर्चीत होते. ओट्यावर यायचं त्यांनी सोडलं होतं. पायांवर सूज. शेजारी स्टुलावर पोह्यांची बशी, पोहे वाळून कडक झालेले. खिडकीचा पडदा ओढलेला.

"या साहेब," मला म्हणाले. मग एकदम डोळे मिचकावले. "मी काल किती चाललो रे?"

मी त्यांचा मोबाइल बघून घोषणा केली, "काका, काल आपण सहा हजार दोनशे पावलं चाललात!"

"अरे वा. मग दमलो असणार." असं म्हणून त्यांनी मान मागे टाकली, आणि बोलता बोलता त्यांना झोप लागली. सकाळचे आठ वाजत होते. झोपेतही त्यांच्या मांडीवर मोबाइल होता, दोन्ही हात त्याच्यावर ठेवलेले.

वडील हळू आवाजात म्हणाले, "आठला असाच घेऊन बसतो. पोराचा फोन यायचा ना."

"येत नाही?"

"महिना झाला. काल मला म्हणाला, फोन येत नाही म्हणजे आपला रिपोर्ट चांगला जातोय."

मी दुसऱ्या दिवशी बसमध्ये 'मग दमलो असणार' हे वाक्य काकांच्या आवाजात सांगितलं. त्या आठवड्यातला सगळ्यात मोठा हशा तोच. फोनचं मी सांगितलं नाही. त्याच्यात हसण्यासारखं काही नव्हतं म्हणून.

जूनमध्ये एका संध्याकाळी वडील माझ्या शेजारी येऊन बसले. डाव्या हातावरचा बँड उजव्या हाताने फिरवत होते.

"त्याला आता मोरीपर्यंत जायला हात द्यावा लागतो. दिवसा झोपतो आणि रात्रभर छताकडे बघत बसतो. सांगू का रे पोराला?"

"सांगितलंत तर काय होईल?"

"नेतील पुनावळ्याला."

"मग दिवाळीपर्यंत काढा की, बाबा. एवढं छान चाललंय, कशाला मोडता?"

हे मी बोललो. मला काकांच्या घराची काळजी होती, असं मी नंतर स्वतःला बरेच दिवस सांगून बघितलं. पण खरं असं होतं की दुसऱ्या दिवशी बस होती, आणि माझ्याकडे सांगायला दुसरं काही नव्हतं.

जूनच्या शेवटच्या बुधवारी मी बसची वाट बघत उभा होतो. वडिलांचा फोन आला. "इकडे ये," एवढंच.

काकांच्या दाराची एक किल्ली वडिलांकडे असायची. मी पोचलो तेव्हा दार उघडं होतं. काका खुर्चीतच होते, मान एका बाजूला, तोंड जरासं उघडं. स्टुलावर रात्रीचं जेवण झाकलेलं तसंच. वडील त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले होते. त्यांचं डावं मनगट रिकामं होतं, त्यावर पट्ट्याने घासून पडलेला नुसता पांढरा चट्टा. बँड काकांच्या हातावर होता.

"बाबा, हे तुम्ही घातलंत?"

"त्याचं होतं ते."

"अहो, पण..."

तेवढ्यात काकांच्या मांडीवरचा मोबाइल टिंग झाला. झालं पंच.

मुलगा पाऊण तासात पोचला. त्याच्या मागोमाग गल्लीतले डॉक्टर आले. त्यांनी काकांचा हात उचलायचा प्रयत्न केला, जबड्याला बोट लावलं आणि म्हणाले, "बरेच तास झाले. मध्यरात्रीच्या आधीच गेले असणार."

"शक्यच नाही," मुलगा म्हणाला. त्याने मोबाइल पुढे धरला. "हे बघा. रात्री सहा तास चाळीस मिनिटं झोप. सकाळी साडेपाच ते साडेसहा चालणे. सहा हजार पावलं. मी येताना सिग्नलला बघितलंय."

डॉक्टरांनी मोबाइलकडे बघितलं. मग काकांकडे बघितलं. पुन्हा मोबाइलकडे.

मला हसू आलं. लपवत नाही. मेलेला माणूस पहाटे बागेला सात फेऱ्या मारून आला होता, त्याचा पुरावा त्याचाच मुलगा दाखवत होता, आणि त्या सात फेऱ्या मारणाऱ्या वडिलांच्या चपला दाराशी पडल्या होत्या, त्यांना अजून ओली माती होती. मी ओट्यावर पळालो, तोंडात रुमाल कोंबला आणि खांदे हलेपर्यंत हसलो. शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतोय. त्यांनी पाणी आणून दिलं.

आत डॉक्टर म्हणाले, "यंत्र आहे. चुकतं कधीकधी." आणि दाखला लिहायला बसले.

गुरुवारी मी बसमध्ये चढलो. पुढच्या सीटवरून आवाज आला, "काय राव, दोन्ही माणसं चालली का?" मी खिडकीपाशी जाऊन बसलो.

त्या दिवसापासून वडिलांनी चालणं बंद केलं. झोपही बंद झाली. नवीन सोफ्यात जुना खड्डा पडायला लागला. काकांच्या दहाव्याला आम्ही देहूला इंद्रायणीच्या घाटावर होतो. जमलेल्यांना मुलगा सांगत होता, "शेवटच्या दिवसापर्यंत चालत होते. शेवटच्या दिवशीचं तेवढं यंत्राने उलटसुलट दाखवलं, पण आदल्या दिवसापर्यंत रोज पाच-सहा हजार." लोक माना डोलवत होते. चालता-बोलता गेला, नशीबवान माणूस. कुणीतरी वडिलांना विचारलं, "तुम्ही बरोबर असायचात ना रोज?"

"रोज बरोबरच होता," वडील म्हणाले. मग ते पायऱ्या उतरून पाण्यापाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

तेराव्यानंतर मला म्हणाले, "पुनावळ्याला घेऊन चल."

चौदाव्या मजल्यावर मुलाने दार उघडलं. पाणी दिलं. वडील बसले नाहीत.

"बाळ, तुझा बाप चालत नव्हता. अडीच महिन्यात एक दिवससुद्धा नाही. ती पावलं माझी होती."

मुलगा म्हणाला, "आणि झोप?"

"ती पण माझीच."

त्याने मोबाइल काढला आणि बोटाने वर सरकवत गेला. जून, मे, एप्रिल. हिरव्या रेघाच रेघा. मला वाटलं आता ओरडेल, घराबाहेर काढेल. तसं झालं असतं तर वडिलांना बरं वाटलं असतं. तो खुर्चीत बसला.

"काका, मी आधी रोज आठला फोन करायचो. चाललात का, झोप लागली का. दोनच प्रश्न असायचे. मग हे आलं. साडेसातला सगळं कळायचंच. मग वाटायचं, फोन करून विचारायचं काय? मीटिंगही असायची." त्याने मोबाइल उलटा ठेवला. "त्यांना काही वाटलं नाही ना त्याचं? काही बोलले का ते?"

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी वडिलांकडे. मांडीवरचा मोबाइल आम्हा दोघांच्याही डोळ्यांसमोर होता. जन्मभर मी जिभेवर आलेलं एकही वाक्य परत पाठवलेलं नाही. ते पाठवलं.

"नाही," वडील म्हणाले. "काही बोलला नाही."

परत येताना हायवेला गाड्या खोळंबल्या होत्या. बराच वेळ आम्ही एका ट्रकच्या मागे उभे होतो. वडील समोर बघत म्हणाले, "तू बसमध्ये सांगायचास हे."

मी स्टिअरिंग सोडून त्यांच्याकडे वळलो. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या कंपनीतला एक जण भाजी घेताना भेटला. म्हणाला, काका, तुम्ही म्हणे दोन माणसं चालता."

"कधी?"

"मे महिन्यात."

"मग बोलला का नाहीत मला?"

"तू खुशीत होतास," ते म्हणाले. ट्रक हलला.

आता वडील पहाटे पाचला उठतात. उठतात म्हणजे, रात्रभर जागेच असतात, पाचला तेवढे पलंगावरून खाली उतरतात. शर्ट घालतात. चपला पायात सरकवून दाराजवळच्या स्टुलावर बसतात. सात वाजले की चपला काढून पुन्हा सोफ्यावर. उजव्या हातावरचाही बँड त्यांनी काढून ठेवलाय, फ्रिजवर, वीजबिलांच्या खाली.

गेल्या आठवड्यात मी पाचला उठलो आणि बूट घालून त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो.

"बाबा, डॉक्टरांनी मला चालायला सांगितलंय. एकट्याने जमत नाही. चला ना."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "खोटं बोलतोस."

"हो."

त्यांनी वाकून चपला काढल्या आणि स्टुलाखाली जोडीने ठेवल्या.

"तुझं कार्ड तू पंच कर," म्हणाले.

मी एकटाच जिना उतरलो. बागेला एक फेरी मारली, दुसरी मारवली नाही. परत आलो तेव्हा ते स्टुलावरच होते, अनवाणी, डाव्या हाताचं मनगट उजव्या हाताने धरून. तिथला पांढरा चट्टा अजून पुरता गेलेला नाही.